मुलांच्या रेषेचा अभ्यास

मुलांच्या चित्रांना स्वतःची घडण असते आणि ती वयाबरोबर बऱ्याच अंशी ठरावीक क्रमाने बदलत जाते, हे आज शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. परंतु ही गोष्ट मान्य होण्यासाठी युरोपात एकोणिसावे शतक संपत यावे लागले, आणि मान्य झाल्यावरही ती शाळेच्या वर्गापर्यंत फार सावकाश पोहोचली. त्यापूर्वी मुलांची चित्रे जपून ठेवण्याचे कारणच कोणाला दिसत नव्हते, कारण मोठ्या माणसाने काढलेल्या चित्राची ती अपुरी आणि चुकांनी भरलेली आवृत्ती आहे, असे गृहीत धरले जाई. त्या चुकाच अभ्यासाचा विषय कशा झाल्या, याचा इतिहास कला, मानसशास्त्र आणि शिक्षण या तिन्ही क्षेत्रांतून जातो, आणि त्याचे काही धागे मुंबईच्या जे. जे. स्कूलपर्यंत व वर्ध्याजवळच्या सेवाग्रामापर्यंत येतात.

मुलाला चित्रकला शिकवावी की नाही यापेक्षा ती कशासाठी शिकवावी, हा प्रश्न आधीचा होता. रूसो यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’मध्ये मुलाने इतरांच्या चित्रांची नक्कल न करता समोरच्या वस्तूवरूनच चित्र काढावे असे सुचवले होते; त्यांचा हेतू मुलाचा डोळा अचूक व्हावा आणि हात वळावा एवढाच होता, चित्रकार घडवणे हा नव्हता. पेस्टालोझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८०३ मध्ये आकारांची एक बाराखडीच तयार केली: आधी सरळ रेषा, मग कोन, मग चौकोन आणि त्याचे भाग, आणि शेवटी वक्ररेषा. क्रम तर्कशुद्ध होता, पण तो भूमितीचा क्रम होता. मूल स्वतः होऊन काय काढते हे पाहून तो ठरवलेला नव्हता. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर, आपल्या कारखान्यांतील वस्तूंचे घाट फ्रेंच मालापुढे फिके पडतात या चिंतेतून इंग्लंडमध्ये सरकारी कलाशिक्षणाची नव्याने उभारणी झाली, आणि हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्या देखरेखीखाली २३ टप्प्यांचा एक राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार झाला, जो पुढे साउथ केन्सिंग्टन पद्धती म्हणून ओळखला गेला. त्यात विद्यार्थी प्रथम छापील नमुन्यांच्या बाह्यरेषा गिरवी, मग त्यांचे छायांकन करी, त्यानंतर घन आकार व प्लास्टरचे पुतळे पाहून काढी, आणि स्वतःची रचना करण्याची पाळी अगदी शेवटी येई.

मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. स्कूलचे चित्रकलेचे वर्ग सुरू झाले आणि १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स तेथे शिक्षक म्हणून आले, तेव्हा हीच पद्धत त्यांच्यासोबत आली. दोघांनाही भारतीय कारागिरीबद्दल खरी आस्था होती, आणि ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. तरीही शिक्षणाचा कणा नमुन्यावरून रेखाटन करण्याचाच राहिला. याच परंपरेतून सरकारी चित्रकला परीक्षा उभ्या राहिल्या, आणि आज कला संचालनालय घेत असलेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांमधील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे विषय पाहिले की तिची वंशावळ सहज लक्षात येते. या परीक्षांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांना कागद, रंग आणि एक चित्रकला शिक्षक मिळवून दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र या साऱ्या रचनेत एक प्रश्न कोठेच विचारलेला नव्हता, तो म्हणजे नमुना समोर ठेवण्याआधी मूल काय काढत असते.

हा प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या काही माणसांमध्ये चित्रकार, शिक्षक आणि कलेतिहासकार होते. मानसशास्त्रज्ञ त्यांच्यानंतर आले. जिनिव्हाचे रोडॉल्फ टॉप्फर यांच्या १८४८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, मुलांनी भिंतीवर काढलेल्या माणसांत शाळेत शिकवलेल्या नीटस रेखाटनांपेक्षा अधिक जीव असतो, असे म्हटले होते. इंग्लंडमध्ये रस्किन यांच्या प्रभावातील शिक्षक एबनेझर कुक यांनी १८८५-८६ मध्ये लिहिलेल्या लेखांत, मुलाच्या स्वाभाविक वाढीचा क्रम ओळखून त्यानुसार कलाशिक्षण रचावे असा आग्रह धरला. इटलीत कोर्रादो रिच्ची पावसापासून आडोसा शोधत बोलोन्यातील एका लांबलचक कमानदार ओसरीत शिरले असता तेथील भिंतीवरच्या रेघोट्यांकडे त्यांचे लक्ष गेले. मोठ्यांनी वर काढलेल्या चित्रांच्या खाली, मुलांच्या हाताच्या उंचीवर, एक वेगळीच चित्रसृष्टी पसरलेली होती. पुढे त्यांनी शाळांतून चित्रे गोळा केली आणि १८८७ मध्ये ‘मुलांची कला’ या अर्थाचे इटालियन नाव असलेले पुस्तक प्रसिद्ध केले, जे या विषयावरील पहिले स्वतंत्र पुस्तक मानले जाते. मुले एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यालाही दोन डोळे काढतात आणि होडीत बसलेल्या माणसाचे पाय होडीच्या लाकडातून आरपार दाखवतात, हे रिच्ची यांनी नोंदवले, आणि मूल वस्तूचे दृश्य रूप रंगवत नसून त्या वस्तूबद्दल जे ठाऊक आहे ते सांगत असते असा अर्थ लावला.

त्यानंतरची वीस वर्षे संग्रहाची होती. जेम्स सली यांनी १८९५ च्या आपल्या बालमानसशास्त्राच्या ग्रंथात मुलांच्या रेखाटनांना मोठी जागा दिली, १८९८ मध्ये हॅम्बुर्ग येथे मुलाला कलाकार मानणारे एक प्रदर्शन भरले, आणि म्युनिकच्या शाळांचे प्रमुख गेओर्ग केर्शेनश्टायनर यांनी आपल्या शहरातील शाळकरी मुलांची लाखो चित्रे जमवून १९०५ मध्ये त्यांच्या विकासक्रमाचे वर्गीकरण मांडले. त्यांच्या कामाचे मोल असे की ते केवळ कुतूहलापोटी केलेले नव्हते, तर त्याच शाळांचा चित्रकलेचा अभ्यासक्रम नव्याने आखण्यासाठी केलेले होते. एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याने अभ्यासक्रम बदलण्यापूर्वी मुलांकडेच इतक्या बारकाईने पाहावे, अशी उदाहरणे शिक्षणाच्या इतिहासात फारशी नाहीत.

या काळातील सर्वांत प्रभावी प्रयोग मात्र व्हिएन्नात झाला. बोहेमियात १८६५ साली जन्मलेले फ्रान्झ चिझेक कलाशिक्षणासाठी १८८५ मध्ये व्हिएन्नाला आले आणि एका सुताराच्या कुटुंबात राहू लागले. घरातली मुले त्यांच्या खोलीत येत, त्यांचे रंग आणि कागद मागून घेत. खिडकीतून दिसणाऱ्या लाकडी कुंपणावर गल्लीतील मुले खडूने आणि कोळशाने चित्रे काढत. शाळेत या मुलांना जे शिकवले जाई त्याचा या चित्रांत मागमूस नव्हता, आणि तरी त्यांना एक पक्की रीत होती, हे चिझेक यांच्या ध्यानात आले. १८९७ मध्ये त्यांनी मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि काही वर्षांनी तो व्हिएन्नाच्या उपयोजित कलाशाळेला जोडला गेला. शाळेबाहेरच्या या वर्गात साधारण सहा ते चौदा वर्षांची मुले येत. तेथे रंगचित्रांबरोबर कागदाच्या कातरकामाची, लिनोच्या ठशांची, भरतकामाची आणि प्लास्टर कोरण्याची साधने मुलांच्या हाती दिली जात. मुलाला वाढू द्यावे, मोठ्यांची दृष्टी त्याच्यावर लादू नये, आणि मुलांच्या कलेला मोठ्यांच्या कलेची पूर्वतयारी न मानता तिचे स्वतःचे नियम असलेली एक पूर्ण गोष्ट मानावे, ही चिझेक यांची भूमिका होती.

१९०८ साली गुस्ताव क्लिम्ट यांच्या गटाने भरवलेल्या ‘कुन्स्टशाऊ’ या प्रदर्शनात या मुलांच्या कामाला स्वतंत्र दालन मिळाले, आणि पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या मुलांच्या मदतीसाठी १९२० मध्ये लंडनला नेलेले त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन पुढे ब्रिटनभर आणि अमेरिकेतही फिरले. मुलांच्या चित्रांपुढे मोठी माणसे रांगा लावून उभी राहावीत, हे त्यापूर्वी क्वचितच घडले असेल. तोपर्यंत ब्रिटनमध्येही जमीन तयार झाली होती: डडली येथील मुलींच्या शाळेत मॅरियन रिचर्डसन विद्यार्थिनींना शब्दचित्र ऐकवून, डोळे मिटून ते मनात पाहायला लावून मग रंगवायला सांगत, आणि चित्रसमीक्षक रॉजर फ्राय यांनी त्या मुलींची कामे १९१७ मध्ये लंडनमध्ये मांडली होती.

चिझेक यांच्या वर्गातली चित्रे आज पाहिली तर एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. जाड बाह्यरेषा, सपाट रंग, कागद पूर्ण भरून टाकणारी आकृती, भोवती नक्षीची किनार ही लक्षणे त्या वर्गातल्या अनेक मुलांत सारखीच आढळतात, आणि तीच त्या काळच्या व्हिएन्नातील सजावटी कलेचीही आहेत. चिझेक विषय देत, आकृती किती मोठी असावी हे सुचवत, आणि वर्ग संपताना प्रत्येक चित्रावर सर्वांसमोर बोलत. त्यांनी मुलांवर काही लादले असा याचा अर्थ नाही. पण ज्या शिक्षकाची अभिरुची इतकी पक्की आहे आणि ज्याच्या शब्दाला मुलांच्या मनात इतके वजन आहे, त्याच्या वर्गात मुलाची रेष केवळ त्याच्या आतूनच येते, हे म्हणणे पुराव्याला धरून राहत नाही. तरीही ज्या काळात नमुना गिरवणे हाच कलाशिक्षणाचा अर्थ होता, त्या काळात चिझेक यांनी मुलापुढचा नमुना उचलून घेतला, आणि त्यांच्यानंतरचा प्रत्येक अभ्यासक कोणत्या ना कोणत्या रीतीने त्या धाडसाचा ऋणी आहे.

चित्रांच्या क्रमाला सिद्धान्ताचे रूप दिले ते फ्रेंच अभ्यासक झॉर्झ-आंरी ल्यूके यांनी. त्यांनी आपली मुलगी सिमोन हिची चित्रे लहानपणापासून तारीखवार जपली, चित्र काढताना ती काय बोलते तेही टिपून ठेवले, आणि १९१३ मध्ये एकाच मुलीच्या चित्रांवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९२७ मध्ये त्यांनी आपली चार अवस्थांची मांडणी पूर्ण केली. पहिल्या अवस्थेत मूल हेतूशिवाय रेघोट्या ओढते आणि मग त्यांत त्याला योगायोगाने काहीतरी सापडते. दुसरीत ते ठरवून काढू लागते, पण अवयवांची जुळणी साधत नाही, त्यामुळे टोपी डोक्यापासून सुटून वर तरंगते. तिसरीत ते वस्तूबद्दल जाणते ते सगळे कागदावर मांडते. आणि चौथीत ते एका ठिकाणाहून दिसते तेवढेच काढू लागते. तिसऱ्या अवस्थेला ल्यूके यांनी बौद्धिक वास्तववाद म्हटले. घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात, बटाट्याच्या शेतात मातीखालचे बटाटे दिसतात, टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरतात, कारण मुलाच्या दृष्टीने ती वस्तू तशी आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी पुढे हीच मांडणी आपल्या अवकाशबोधाच्या सिद्धान्तात उचलली.

ल्यूके यांच्या म्हणण्याची तपासणी नॉर्मन फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ मध्ये एका साध्या प्रयोगाने केली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे त्यांनी एक कप असा ठेवला की त्याचा कान मागे लपलेला होता आणि पुढच्या बाजूवर रंगवलेले फूल स्पष्ट दिसत होते, आणि दिसते तसे काढा असे सांगितले. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारे फूल बहुधा गाळले. साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांनी कान गाळून फूल काढले. लहान मुलाच्या लेखी कानाशिवाय कप हा कपच होत नाही, आणि फूल असले नसले तरी कपाच्या कपपणाला बाध येत नाही, इतका नेटका विचार त्या ‘चुकी’मागे उभा असतो.

ल्यूके यांच्या मताला समर्थ विरोध रूडॉल्फ आर्नहाइम यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात केला. मूल जाणते ते काढते असे म्हटले की त्याला नीट दिसत नाही असे सुचते, आणि आर्नहाइम यांना ते मान्य नव्हते; त्यांच्या मते मूल दिसलेल्या गोष्टीला कागदाच्या सपाट माध्यमात शोभेल असा समतुल्य आकार शोधत असते आणि तो शोध साध्या आकाराकडून गुंतागुंतीच्या आकाराकडे जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा डोक्यालाच पाय फुटलेला माणूस सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील वर्तुळ हे धड विसरलेले डोके नसून डोके आणि धड अजून वेगळे न झालेला एक आकार आहे, असे या दृष्टीने म्हणता येते. वर्गात शिकवणाऱ्याच्या हाती ल्यूके यांच्यापेक्षा आर्नहाइम अधिक काही देतात, कारण मुलाला काय येत नाही याऐवजी ते कोणता प्रश्न सोडवत आहे हे पाहण्याची सवय त्यांच्यामुळे लागते.

मानसमापनाच्या लोकांनी याच चित्रांचा वेगळा उपयोग केला. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलाने काढलेल्या माणसातील तपशिलांना गुण देऊन त्यावरून बुद्धिमापन करण्याची चाचणी तयार केली, आणि बडोदा येथे प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिचे स्वतंत्र मापनकोष्टक बनवले, कारण पोशाखावर गुण देताना धोतर-साडी पाहणारे मूल आणि पँट-हॅट पाहणारे मूल एकाच मापाने तोलता येत नाही. या चाचण्या उपयुक्त ठरल्या, पण त्यांत चित्र म्हणून चित्राकडे कोणी पाहत नव्हते.

तसे पाहणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड होते. ऑस्ट्रियात १९०३ साली जन्मलेल्या लोवेनफेल्ड यांनी व्हिएन्नात अंध आणि अंधुक दृष्टीच्या मुलांना मातीकाम शिकवले. डोळ्यांनी जग न पाहणारी ही मुले ज्या अवयवात वेदना किंवा ताण जाणवे तो अवयव मोठा घडवत, आणि त्यावरून डोळ्याने जग घेणारे व शरीराच्या आतल्या जाणिवेने जग घेणारे अशी दोन प्रकारची माणसे असतात, असे त्यांनी मांडले. नाझी राजवटीमुळे देश सोडून ते अमेरिकेत गेले, व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले, आणि १९४७ मध्ये त्यांचा ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्याने पुढे जगभरातील शिक्षक-प्रशिक्षणाला वळण दिले. रेघोट्यांच्या वयापासून किशोरवयापर्यंतच्या अवस्था त्यांनी वयोगटानुसार मांडल्या आणि छापील चित्रांत रंग भरण्याच्या पुस्तकांना कडाडून विरोध केला, कारण तयार बाह्यरेषेत रंग भरणारे मूल स्वतःची आकृती काढण्याचा आत्मविश्वास गमावते असे त्यांचे निरीक्षण होते. ज्याने हुकूमशाहीची पकड अनुभवली होती त्याला मुलाच्या स्वतंत्र रेषेत केवळ कलेचा प्रश्न दिसत नव्हता. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, हर्बर्ट रीड यांनीही ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ या ग्रंथात कला हाच शिक्षणाचा पाया असावा असे प्रतिपादन केले होते.

या विचाराशी जवळचे नाते असलेले एक काम त्याच सुमारास महाराष्ट्रात उभे राहत होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या, गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणयोजनेच्या शाळेत, सेवाग्रामला, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. नंदलालबाबूंनी त्याआधीच खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून करून खेड्याच्या साधनांत कला किती खुलते हे दाखवले होते. सूतकताई, शेती आणि सफाई यांच्या दिनक्रमात चित्राला जागा कशी असावी, हा देवी प्रसाद यांच्यापुढचा प्रश्न व्हिएन्नाच्या प्रश्नाहून वेगळा होता, कारण येथे कलावर्ग हा शाळेपासून सुटका करून देणारे बेट नव्हता; तो हाताने काम करण्याच्या त्याच जीवनाचा भाग व्हायचा होता. मुलाला तंत्र कधी दाखवावे आणि कधी मागे सरावे याबद्दलचे त्यांचे अनुभव पुढे त्यांच्या पुस्तकातून वाचकांपुढे आले. मराठी शिक्षकांनी ते वाचावे तितके वाचले गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१९७० नंतर मूल आपल्या आतूनच चित्र काढते या श्रद्धेला तडे गेले. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन यांनी १९७७ पासून दाखवून दिले की मुलांच्या चित्रांतील आकृत्या मोठ्या प्रमाणावर इतर मुलांकडून, कॉमिक्समधून आणि भोवतालच्या छापील चित्रांतून उचललेल्या असतात. त्यांचा सर्वांत बोलका पुरावा रिच्चींच्याच नोंदीवर बेतलेला होता: एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याला दोन डोळे काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय मुलांमध्ये सर्रास होती, आणि विसाव्या शतकात ती जवळजवळ नाहीशी झाली. ती बालमनाची उपजत अवस्था असती तर नाहीशी होण्याचे कारण नव्हते. मुले ती एकमेकांकडून शिकत होती आणि नवे नमुने मिळताच त्यांनी ती सोडली. हार्वर्डमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट झीरोशी संबंधित संशोधकांनी असे मांडले होते की पाच वर्षांच्या मुलाच्या चित्रातील अभिव्यक्ती शालेय वयात ओसरते आणि पुढे काहींच्या बाबतीतच परत येते. परंतु माँट्रियलमधील एका अभ्यासात चिनी वंशाच्या परीक्षकांनी तीच उतरण मान्य केली नाही, मोठ्या मुलांच्या कौशल्याला त्यांनी अधिक गुण दिले. मुलाच्या चित्रात उतरण दिसते की चढण, हे काही अंशी पाहणाऱ्याच्या कलापरंपरेवर ठरते, असे त्यातून निघाले.

महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक शाळेत ‘मनाने चित्र काढा’ असे सांगितले की पुष्कळ कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरांतून वाहत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचे झाड उमटते; हे चित्र अभ्यासक्रमाने शिकवलेले नाही, ते मुलांनी मुलांना दिलेले आहे. विल्सन दांपत्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यावर चिडण्याचे कारण नाही. ज्या मुलापुढे चित्रांचा एवढाच साठा आहे ते एवढाच साठा वापरते, आणि त्याला वारली चौक, चित्रकथीची पोथी, कॉमिक्स, घरासमोरचा खरा डोंगर असे आणखी काही पाहायला मिळाले की त्याची आकृती बदलते. याच्या उलट टोकाला एलिमेंटरी परीक्षा आहे, जिला मुले साधारण सातवी-आठवीत, म्हणजे बारा-तेरा वर्षांची असताना बसतात. लोवेनफेल्ड यांच्या क्रमात हे वय असे आहे की मूल स्वतःच आपल्या चित्रावर नाखूश होते, वस्तू खरी दिसावी असे त्याला वाटते आणि यथार्थदर्शन, म्हणजे जवळ-दूर दाखवण्याचे शास्त्र, ते मागून घेते. तांब्याची गोलाई आणि पडलेली सावली शिकवणारा वस्तुचित्राचा तास त्या वयाला योग्यच आहे. अडचण त्याआधीच्या सहा-सात वर्षांची आहे, ज्यांत पुष्कळ शाळांमध्ये चित्रकलेचा तास रंगपुस्तकाला किंवा फळ्यावरच्या नमुन्याला दिला जातो, आणि ज्या वयात कपाचा लपलेला कान काढण्याचा मुलाला पुरता हक्क असतो त्या वयात तो खोडरबराने पुसून घेतला जातो.